२४ क्रेडिटांचा हिशेब

अमेरिकेत सिएटलजवळच्या रेडमंडमधलं एखादं मराठी कुटुंब अपार्टमेंट सोडून घर घ्यायच्या गोष्टी करायला लागलं, की मला फोन येतो. मोठी लेक इथल्या हायस्कुलातून बाहेर पडली, धाकटा अजून आत आहे, आणि मंडळाच्या कार्यक्रमांत पुऱ्या लाटता लाटता मी एवढी माहिती फुकट वाटली आहे की आता लोक मला एजंटच्या आधी गाठतात. प्रश्न ठरलेला असतो. "ताई, कुठल्या शाळेच्या हद्दीत घर बघू?"

तर आधी हद्दीचं सांगून टाकते. लेक वॉशिंग्टन स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये कर्कलंड येतं, रेडमंड येतं, समामिशचा साधारण अर्धा भाग येतो आणि आजूबाजूचे काही तुकडे. तीस हजारांच्या वर मुलं. हे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेचा किंवा जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग नव्हे. त्याचा शहराशी काही संबंध नाही. त्याचं वेगळं निवडून आलेलं बोर्ड असतं, पाच जणांचं, आणि त्याचा कर घरपट्टीच्या बिलात वेगळा दिसतो. नवीन इमारतीसाठी कर्जरोखे काढायचे तर मतदानात ६० टक्के मिळवावे लागतात. २०१४ साली ते मिळाले नाहीत, २०१६ साली मिळाले, आणि मधल्या काळात शाळेच्या मागच्या मैदानावर पोर्टेबल खोल्या वाढत गेल्या. ग्रीनकार्डाच्या रांगेत बसलेले आमच्यासारखे लोक तो कर नियमानं भरतात आणि मतदानाच्या दिवशी घरी बसतात. असो, तो वेगळा विषय.

नेहमीची मोठी हायस्कुलं चार: रेडमंड, ईस्टलेक, जुआनिटा, लेक वॉशिंग्टन. नववी ते बारावी. पूर्वी नववी खालच्या शाळेत असायची, २०१२ मध्ये ती हायस्कुलात आणली. घराचा पत्ता टाकला की शाळा ठरते. जुआनिटात केंब्रिजचा अभ्यासक्रम घेता येतो, बाकीकडे एपीचा, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांचा, भरणा आहे. चारही शाळा चांगल्या आहेत. एकीच्या हद्दीतलं घर दुसरीपेक्षा महाग का, याचं उत्तर मला देता येत नाही आणि एजंटला द्यायचं नसतं.

मग येते लॉटरी. टेस्ला स्टेम हायस्कूल, विज्ञान-तंत्रज्ञान-गणितावर भर देणारं, २०१२ पासून आहे. इंटरनॅशनल कम्युनिटी स्कूल त्याच्याही आधीची, सहावीपासून बारावीपर्यंत. या निवडीच्या शाळा. अर्ज करायचा, संगणक चिठ्ठ्या काढतो, नाव लागलं तर लागलं. परीक्षा नाही, मुलाखत नाही, डोनेशन नाही, कुणाची ओळख चालत नाही. आपल्या लोकांना हे पचायला सगळ्यात जड जातं. "काहीतरी निकष असेलच हो," असं मला एका गृहस्थांनी अगदी कळवळून सांगितलं होतं. त्यांचा मुलगा गणिताच्या ऑलिम्पियाडवाला, वेटलिस्टवर राहिला, आणि शेजारचा, ज्याला आईनं जबरदस्तीनं अर्ज भरायला लावला होता, तो आत. थंडीत निकाल यायच्या आठवड्यात आमचे व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप लग्नघरासारखे गजबजलेले असतात.

या गजबजाटात एक गोष्ट कुणी बोलत नाही. टेस्ला ही छोटी शाळा आहे. तिला स्वतःचा फुटबॉलचा संघ नाही, खेळायचं तर पत्त्याप्रमाणे येणाऱ्या मोठ्या शाळेच्या संघात जायचं. मोठ्या शाळेत जे सगळं एका छपराखाली मिळतं त्यातलं बरंच सोडून मूल तिथे जातं, कारण त्याला वेगळ्या तऱ्हेनं शिकायचं असतं. हेच वर्णन कर्कलंडच्या एमर्सन हायस्कूललाही लागू पडतं. तीही छोटी. तिथेही मुलं मोठ्या शाळेतलं बरंच सोडून जातात, कारण त्यांना वेगळ्या तऱ्हेनं शिकायचं असतं. डिस्ट्रिक्टच्या लेखी दोन्ही निवडीच्याच शाळा. पण एकीत नंबर लागला की पेढे वाटतात आणि दुसरीचं नाव निघालं की आवाज खाली येतो.

माझ्या धाकट्यामुळे मला हा दुसरा भाग कळला. लिहायला त्यानं परवानगी दिली आहे, अटींवर: त्याचं नाव नाही, शाळांची नावं नाहीत, फोटो नाही. हे वाचून त्यानं दोन वाक्यं खोडली आहेत. त्यातलं एक चांगलं होतं.

त्याची नववी ठीक गेली. दहावीच्या पहिल्या सेमिस्टरला सकाळी पोट दुखायला लागलं. आधी सोमवारी, मग सोमवारी आणि गुरुवारी, मग रोजच. इथे डिसेंबरात सकाळी शाळेच्या वेळी अंधार असतो आणि दुपारी साडेचारला पुन्हा अंधार. त्या अंधारात तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बूट हातात घेऊन बसायचा. पायात घालायचा नाही. ओरडून झालं, समजावून झालं, नवऱ्यानं एकदा उचलून गाडीत बसवायचा प्रयत्न केला. तो सहा फुटांच्या आसपास आहे. डॉक्टरांनी पोटाचं सगळं तपासलं आणि पोटाचं काही नाही म्हणून सांगितलं. चिंताविकार, थेरपी, थेरपीची वेटलिस्ट. ही वेटलिस्ट टेस्लापेक्षा लांब.

इकडे शाळेच्या संगणकाचे फोन सुरू झाले. आपलं मूल आज अमुक तासाला गैरहजर होतं. वॉशिंग्टन राज्यात ८ ते १८ वयाच्या मुलांना शाळा सक्तीची आहे, आणि १९९५ चा एक कायदा आहे, बेका बिल म्हणतात त्याला. घरातून पळून गेलेल्या तेरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूनंतर तो झाला. त्यानुसार विनापरवाना गैरहजेरी ठरावीक आकड्याच्या पुढे गेली की शाळेला पालकांना बोलवावं लागतं, आणि त्यानंही भागलं नाही तर प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं. कोर्ट हा शब्द पत्रात वाचला आणि माझे हातपाय गार पडले. आमच्या घराण्यात कोर्ट म्हणजे जमिनीचे दावे.

बैठकीला काउन्सेलर बाईंच्या, म्हणजे मुलांच्या विषयांची आखणी बघणाऱ्या शाळेच्या सल्लागारांच्या, टेबलावर एकच कागद होता. त्यावर पेन्सिलीनं आखलेले रकाने. मी वर्णन करते, कारण माझ्या डोक्यातली सगळी घडी त्या कागदानं विस्कटली. इथे हायस्कुलातून पास होऊन बाहेर पडायला २४ क्रेडिटं लागतात. इंग्लिशची ४, गणित ३, विज्ञान ३, समाजशास्त्र ३, कला २, आरोग्य आणि शारीरिक शिक्षण मिळून २, परकीय भाषा २, तंत्रशिक्षण १, ऐच्छिक ४. एक सेमिस्टर एक विषय पास झाला की अर्धं क्रेडिट. बाईंनी प्रत्येक ओळीपुढे त्यानं मिळवलेलं लिहिलं. दहावीच्या अखेरीला साधारण १२ असायला हवीत, याची साडेआठ होणार होती. तिथे त्यांनी खाली रेघ मारली, साडेपंधरा बाकी असं लिहिलं आणि कागद आमच्याकडे फिरवला.

मी विचारलं, "म्हणजे तो दहावी पुन्हा करणार?"

बाईंना प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला, सावकाश. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पुन्हा कशाला? बायॉलॉजी त्यानं पास केलंय. ते तो पुन्हा का करेल? न झालेली भूमिती करायची."

माझे एक काका कऱ्हाडला होते. दहावीला गणितात गेले. तेवढ्यावर अख्खा निकाल नापास, अख्खं गाव जाणून, आणि मग ऑक्टोबरची वारी. ती दोनदा झाली. शेवटी नाव शाळेच्या पटावरून गेलं, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसले आणि सुटले. पुढे आयटीआय करून उत्तम टर्नर झाले, पण घरात सत्तरीपर्यंत त्यांची ओळख 'गणितात राहिलेला' अशीच होती. आपल्याकडे आता नियम पुष्कळ बदललेत, फेरपरीक्षा जून-जुलैत होते, एक-दोन विषय राहिले तरी अकरावीची वाट अडत नाही, हे सगळं मला ठाऊक आहे. पण आमच्या पिढीच्या मनात शाळेचं माप 'वर्ष' आहे. वर्ष वाया गेलं. वर्ष मागे पडला. वर्ष वाचवलं. त्या कागदावर वर्षाचा रकानाच नव्हता. राज्यभराचा एक निकाल लागणारी बोर्डाची परीक्षा इथे नाही, आणि २०१९ च्या कायद्यानंतर पास व्हायचे मार्गही अनेक ठेवलेत, राज्याची चाचणी हा त्यातला एक. बाकी सगळं म्हणजे किराणा दुकानातलं खातं: किती जमा, किती बाकी.

आणि बाकी फेडायच्या जागा किती! बाईंनी कागदाच्या मागच्या बाजूला त्या लिहून दिल्या. उन्हाळ्यातले वर्ग. ऑनलाइन. छोटी शाळा. वॅनिक नावाचं कौशल्य केंद्र, जे आसपासच्या अनेक डिस्ट्रिक्टांनी मिळून चालवलं आहे: अर्धा दिवस आपली शाळा आणि अर्धा दिवस तिकडे, गाड्यांचं काम, आरोग्यसेवा, अग्निशमन, रेडमंडच्याच डिजिपेनमध्ये व्हिडिओगेमचं प्रोग्रॅमिंग, आणि त्याची क्रेडिटं याच २४ मध्ये. कर्कलंडच्या लेक वॉशिंग्टन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या आवारात हायस्कूल पूर्ण करायची वेगळी सोय. ज्यांचं सगळंच सुटलंय अशा १६ ते २१ वयाच्या मुलांसाठी राज्याची 'ओपन डोअर्स' योजना. आणि रनिंग स्टार्ट, ज्याविषयी पुढे सांगते, कारण त्यात खाचखळगे आहेत.

इतकी वर्षं या गावात राहून, लॉटरीच्या तारखा तोंडपाठ असूनही, यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकत होते. मंडळात एवढी चर्चा चालते, पण ती सगळी आत कसं शिरायचं याची. बाहेर पडायच्या किंवा बाजूनं जायच्या वाटांवर कुणी बोलत नाही. म्हणून हा लेख.

छोटी शाळा बघायला गेलो तो दिवस पावसाचा होता, म्हणजे नेहमीचाच. बैठी इमारत, रंग उडालेली. आत शिरल्या शिरल्या एक खोली, तिच्यात दोन जुने सोफे आणि भिंतीला लागून ओटा. ओट्यावर टोस्टर, ब्रेडची लादी, पीनट बटरचा मोठा डबा आणि एक पाटी: चाकू धुवून ठेवा. एक मुलगा उभ्या उभ्या टोस्ट खात होता. दहा वाजून गेले होते. मला आधी वाटलं मधली सुट्टी असेल. नव्हती. तो आत्ताच आला होता, कुणी त्याला आल्या आल्या झापलं नव्हतं, आणि टोस्ट संपल्यावर तो चाकू धुवून, हात पुसून, वर्गात गेला. मी साताऱ्याच्या ज्या शाळेत शिकले तिथे उशिरा येणाऱ्याला फाटकाबाहेर उभं करत. माझ्यातली ती विद्यार्थिनी त्या टोस्टरकडे रागानं बघत होती, हे कबूल करते.

शिक्षकांनी धाकट्याला विचारलं, "तू किती वाजता उठतोस?" का उठत नाहीस, असं विचारलं नाही. त्यानं खरं सांगितलं, जे मलाही माहीत नव्हतं: पाचला जाग येते आणि मग सातपर्यंत छातीत धडधडत राहतं. "मग पहिला तास गणिताचा नको," असं म्हणून त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. बस, एवढंच. वर्गात दहा-बारा मुलं होती. एक मुलगी रात्री तेरियाकीच्या, म्हणजे जपानी धर्तीच्या जेवणाच्या, दुकानात काम करायची, एक मुलगा लांबच्या आजारातून उठला होता, एक तर हुशार म्हणून दोन इयत्ता पुढचं गणित करत होता आणि त्याला माणसांचा कंटाळा होता. वाया गेलेली मुलं म्हणतात ती मला दिसली नाहीत. दमलेली मात्र बरीच दिसली.

आता दुसरी बाजू. छोट्या शाळेत एपीचे विषय मोजके. बँड नाही, नाटक नाही, बुद्धिबळाचा क्लब एका मुलानं काढला आणि तो पास झाल्यावर बंद पडला. कुणी ना कुणी सारखं गैरहजर असतं, त्यामुळे गटानं करायचं काम रखडतं. जुन्या शाळेतले मित्र आधी मेसेज करत, मग थांबले. आणि शिक्षक गोड वागतात म्हणून अभ्यास आपोआप होतो असंही नाही. एका सेमिस्टरला त्यानं इतिहासात एवढं रेंगाळून ठेवलं की घरात पुन्हा आवाज चढले. ही शाळा जादूची कांडी नाही. सकाळी बूट पायात जातात, हा फरक. माझ्यासाठी तो पुष्कळ आहे.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगायचं काम नवऱ्यानं माझ्यावर ढकललं.

"काढलं का गं त्याला शाळेतनं?"

"नाही हो आई, आपणच बदलली. छोटी आहे, त्याला बरी पडते."

"फी किती?"

"फी नाही. पब्लिक शाळा आहे. सरकारीच म्हणा."

"अमेरिकेत जाऊन सरकारी शाळा?" त्यांनी तोंडाला पदर लावला. मग जरा वेळानं, "जेवतो का पण?"

"जेवतो."

"मग असू दे."

मंडळाच्या गणपतीत सोपं गेलं नाही. एकानं विचारलं, "सध्या कुठं असतो हा?" मी सरळ नाव सांगितलं. समोरच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी ओळखते. आपल्याकडे मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं की असे चेहरे होतात. "अरे वा, छान," म्हणून विषय मोदकांकडे वळला. पण तासाभरानं मी पातेली गाडीत ठेवत असताना एक बाई मागून आल्या. त्यांचा मुलगा टेस्लात. नाव लागलं तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते, मी खाल्ले होते. म्हणाल्या, "ते तुम्ही सांगत होता ना, क्रेडिटांचं. मधल्या वर्षातून निघता येतं का?" आम्ही डिकी उघडी ठेवून बराच वेळ बोललो. येतं. आधी आपल्या काउन्सेलरशी बोलायचं, ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे ग्रेड-क्रेडिटांच्या नोंदीची, प्रत घ्यायची, जिथे जायचं तिथली जागा पक्की झाल्याशिवाय आहे ती जागा सोडायची नाही. त्यांनी फोनमध्ये लिहून घेतलं आणि नवरा येताना दिसल्यावर विषय पुन्हा मोदकांकडे वळवला.

रनिंग स्टार्टचं सांगते म्हटलं होतं. हा १९९० चा राज्याचा कायदा. अकरावी-बारावीच्या मुलांना कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, जाऊन खऱ्या कॉलेजचे विषय घेता येतात आणि त्यांची शिकवणीची फी माफ. आमच्या भागातून मुलं बेलव्ह्यू कॉलेजला जातात, बॉथेलच्या कॅस्केडियाला जातात. कॉलेजचा पाच क्रेडिटांचा एक विषय म्हणजे हायस्कूलचं पूर्ण एक क्रेडिट, आणि कॉलेजची टर्म असते क्वार्टरची, साधारण तीन महिन्यांची. म्हणजे हायस्कुलात वर्षभर चालणारं इंग्लिश तिथे एका क्वार्टरमध्ये जमा होतं. मागे पडलेल्या मुलासाठी याचा अर्थ काय ते कागदावर मांडून बघा. आपल्या लोकांत रनिंग स्टार्ट माहीत आहे, पण पुढे धावणाऱ्यांची सोय म्हणून: बारावीबरोबर कॉलेजची दोन वर्षं उरकायची, पैसे वाचवायचे. मागून येणाऱ्यालाही तीच वाट चालते, हे लक्षात येत नाही.

खाचखळगे असे. पुस्तकं आणि किरकोळ फिया आपल्या खिशातून. जाण्यायेण्याची सोय आपली. मात्र १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना २०२२ पासून मेट्रोच्या बसला तिकीट नाही, ते ऑर्का कार्ड काढून घ्या. तिथे मूल म्हणजे विद्यार्थी. प्राध्यापक आईचा फोन घेत नाहीत, ईमेलला उत्तर देत नाहीत, जोवर मूल सही करून परवानगी देत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: तिथला ग्रेड कॉलेजच्या कायमच्या नोंदीत जातो. सोळाव्या वर्षी केमिस्ट्रीत एफ आला तर तो पुढे युनिव्हर्सिटीच्या अर्जात सांगावा लागतो. राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिट्या ही क्रेडिटं मानतात, बाहेरच्या खासगी मानतीलच असं नाही. म्हणून पहिल्या क्वार्टरला एकच विषय घ्यावा, तोही आवडीचा, असं माझं मत. दोन घेऊ देणारे सल्लागार भेटतील. मुलाला ओळखता तुम्ही, ते नाही.

अजून एक, मराठी घरांसाठी खास. परकीय भाषेची दोन क्रेडिटं घरच्या भाषेतही मिळवता येतात. राज्याची सोय आहे: भाषेची परीक्षा द्यायची, बोलणं, लिहिणं तपासतात, आणि जशी पातळी तशी क्रेडिटं, जास्तीत जास्त ४. रविवारच्या मराठी शाळेत धाकटा वर्षानुवर्षं कुरकुरत गेला होता. परीक्षेआधी आजीशी रोज बोलायचं, असं ठरलं. तिनं त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, "जेवलास का?" आणि ते पुढे बरेच दिवस तेवढ्यावरच चाललं. लिहिताना त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच आहे. तरी परकीय भाषेचा रकाना भरला. काउन्सेलर बाईंच्या कागदावर त्या ओळीपुढे बरोबरची खूण झाली, आणि स्पॅनिशच्या वर्गात बसायचे तास दुसऱ्या कामाला मोकळे झाले. ज्यांची मुलं स्पॅनिशमध्ये अडकली आहेत त्यांनी याची चौकशी आठवीपासूनच करावी.

हे सगळं वाचून कुणी विचारेल, मग घर कुठे घ्यायचं? कुठेही घ्या. परवडेल तिथे, गळत नसेल ते. हद्दीनं पहिली शाळा ठरते, शेवटची ठरत नाही. आणि दहावीचं दुसरं सेमिस्टर सुरू व्हायच्या आत, मूल कितीही छान चाललेलं असलं तरी, काउन्सेलरची एकदा वेळ घ्या आणि तो रकान्यांचा कागद मागा. त्यांच्याकडे तो असतोच. 'हायस्कूल अँड बियॉन्ड प्लॅन' प्रत्येक मुलाचा ठेवणं राज्यात सक्तीचं आहे. आपण मागत नाही, म्हणून तो फाईलमध्ये पडून राहतो.

धाकटा आता अकरावी संपवतो आहे. सकाळी छोटी शाळा, आणि या क्वार्टरला कॉलेजचं इंग्लिश १०१, बसनं जाऊन. तिथल्या निबंधासाठी त्यानं विषय घेतला आहे सिएटलमधली तेरियाकीची दुकानं. त्यात ती वर्गातली मुलगी त्याची मुख्य खबरी आहे असं मला कळलंय, आणि त्याबद्दल जास्त विचारायचं नाही असंही कळलंय. भूमिती झाली. इतिहासही झाला एकदाचा. गणिताचं अजून एक क्रेडिट हवंय. बाकी सगळ्या ओळी पुढच्या जूनपर्यंत भरतील असं दिसतं, फक्त शारीरिक शिक्षणाचं अर्धं क्रेडिट कुठूनच जमेना. छोट्या शाळेत तो तास सकाळी पहिला असतो. उन्हाळ्यात करता येईल, असं बाई म्हणाल्या. मी त्याला म्हटलं, रोज मेरीमूर पार्कला एक फेरी मारत जा, सवय होईल. तो म्हणाला, "आई, क्रेडिट मिळणार नसेल तर कशाला?"